बाटलीच्या बुडाचा आकडा

"बुडाशी त्रिकोणात 5 असला की बाटली बाळाला बिनधोक, 7 असला की विष," असं वर्षानुवर्षं फिरतंय. आठवडी बाजारात आयाबाया बाटली उलटी करून तेवढंच पाहतात. काळजीपोटीच पाहतात, पण तो आकडा सुरक्षिततेचा नाहीच. 1988 पासून तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो, भंगारात वेगळं काढता यावं म्हणून. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. 7 म्हणजे 'बाकी सगळे': त्यात बीपीए (शरीराला अपायकारक ठरू शकणारं एक रसायन) सोडू शकणारं पॉलिकार्बोनेट येतं, तशी बीपीए नसलेली प्लास्टिकंही येतात.

घरी तपासता येतं. झाकण-निपल काढून बाटली पाण्याच्या गंजात पूर्ण बुडवा, आतली हवा निघू द्या. दुधट दिसणारं पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं. काचेसारखं लख्ख, टणक पॉलिकार्बोनेट तळाला जातं. बुडणारं प्रत्येक वाईट नसतं, पण 'बीपीए-मुक्त' छापलेलं नसेल तर घेऊच नका.

आणि 5 ची बाटलीही कायमची नाही. रिकामी बाटली उन्हात धरा. ब्रशचे चरे दिसले की बदला, त्यांत दूध अडकून जंतू वाढतात. उकळतं दूध प्लास्टिकमध्ये ओतू नका. मला तर वाटी-चमचाच बरा वाटतो, धुतला की लख्ख.