गच्चीवरच्या पाण्याचा सांगलीतला हिशोब

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागात पाणी, मारुती चौकात पाणी आणि नळ मात्र कोरडा. दारात पूर असताना आम्ही कळशा घेऊन टँकरची वाट बघत होतो.

तेव्हा डोक्यात शिरलेली गोष्ट अशी, की पुराचं पाणी सांगलीचं नसतंच. ते महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात पडलेलं असतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, सांगलीत जेमतेम सहाशेच्या आसपास. आपल्या वाट्याचा पाऊस एवढाच, आणि तो गच्चीवरून थेट गटारात जातो.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचा स्लॅब साधारण ९३ चौरस मीटर भरतो. सहाशे मिलिमीटर धरला आणि उडणारं, सांडणारं वीस टक्के सोडून दिलं, तरी ४४ हजार लिटर उरतात. आकडा ऐकून लोक लगेच मोठी टाकी बांधायला निघतात. घाई नको. वळवाच्या चाळीस मिलिमीटरच्या एका सरीत तीन हजार लिटर येऊन जातात, पण जुलैतल्या पाच मिलिमीटरच्या भुरभुरीतून पावणेचारशेच मिळतात. म्हणून दोन हजार लिटरची टाकी रोज वापरून रिकामी करत राहिलात, तर तीच हंगामात अनेकदा भरते. भरून ठेवलेली टाकी पुढच्या सरीला काही कामाची नाही.

मुरवण्याचं काय? इथली काळी माती कोरडी असताना भेगाळते, भिजली की फुगते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे थर पाणी ओढून घेतात आणि भेगा मिटतात. त्यामुळे काळ्या मातीतला उथळ शोषखड्डा ऐन पावसाळ्यात डबकं होऊन बसतो. खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो. बोअरमध्ये सोडायचं असेल तर वाळू-खडीतून गाळूनच. खाली बेसाल्ट आहे, पाणी त्याच्या फटींतून फिरतं. गेलेली घाण परत काढता येत नाही.

खरी गंमत पहिल्या पाण्याची. मे अखेरीस स्लॅबवर धूळ, पाला आणि कबुतरांची कृपा साचलेली असते. पहिला एक मिलिमीटर, म्हणजे नव्वदेक लिटर, टाकीत जाऊच द्यायचा नाही. माझ्याकडे पन्हाळीचा पाइप आधी शंभर लिटरच्या बॅरलमध्ये उतरतो. आत प्लॅस्टिकचा चेंडू आहे. बॅरल भरत आलं, की चेंडू तरंगत वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. तळाशी बारीक भोक. तिथून बॅरल हळूहळू रिकामं होतं आणि पुढच्या पावसाला तयार राहतं. हे भोक मी एकदा साफ करायचं विसरलो. बॅरल भरलेलंच राहिलं, पुढच्या पावसाची सगळी धूळ टाकीत. पाणी कोऱ्या चहासारखं.

टाकी काळी आणि झाकलेली हवी, उजेड नाही तर शेवाळ नाही. तोंडाला बारीक जाळी हवीच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. प्यायचं असेल तर उकळून घ्या. चव थोडी सपक लागते, कारण त्यात क्षार जवळपास नसतात.

पण हेच क्षार नसणं स्वयंपाकात कामी येतं. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, बादलीवर पांढरे थर धरणारं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून शिट्ट्या वाढल्या तरी तूरडाळ कच्चटच राहते. पावसाच्या पाण्यात तीच डाळ मेणासारखी शिजते, साबणालाही फेस येतो.

शेजारच्या काकूंनी पावसाच्या टाकीची लाइन महापालिकेच्या लाइनला कुठेच जोडू दिलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या ओट्यावर आता दोन नळ आहेत. पावसाच्या नळाला लाल रिबीन बांधलेली, आणि जूनपासून डाळीचा कुकर त्याच नळाखाली भरला जातो.