कवच किती जाड, हा आकडा येतो कुठून

डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या शेवटी छोटे छोटे धक्के सुरू झाले तेव्हापासून मुंबईत "आपल्याकडे जमिनीचं कवच पातळ आहे का" असं कुणी ना कुणी विचारतंच. कवच म्हणजे पृथ्वीचा सगळ्यात वरचा, तुलनेने हलक्या खडकाचा थर, त्याच्या खाली जड थर. उत्तरात ३५-४० किलोमीटर असा आकडा फेकला जातो, पण तो काढला कसा हे कुणी सांगत नाही, आणि खरं तर तेच कळायला हवं कारण एवढ्या खोल आजवर कुणी पोचलेलंच नाही. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल बोअर रशियातल्या कोलाचं, १२,२६२ मीटर, बस. बाकी सगळं वरून ओळखायचं.

याची सुरुवात बऱ्याच अंशी आपल्याच देशातली आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने त्रिकोण टाकत जमीन मोजायला घेतली, मोजत मोजत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्यात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेचं कलियाना, या दोन ठिकाणांमधलं सुमारे ६०० किलोमीटरचं अंतर जमिनीवरून मोजलं तर एक येत होतं आणि ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं. फरक साधारण ५.२ सेकंदांच्या कोनाचा (इथे सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे जमिनीवर दीडशे-एकशे साठ मीटर.

ताऱ्यांची मोजणी करताना सरळ खाली कुठे हे ओळंब्यावरून ठरतं, गवंड्याकडे असतो तोच ओळंबा, आणि हिमालयाने तो स्वतःकडे ओढला असणार असा संशय आला. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी, जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये अख्ख्या हिमालयाच्या ओढीचं गणित हाताने मांडलं तर उत्तर आलं जवळपास १५.९ सेकंद, म्हणजे प्रत्यक्षात दिसलेल्या फरकाच्या तिप्पट! एवढा मोठा पहाड, पण दिसतो त्या मानाने ओढतच नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने सांगितलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोलवर गेलेलं असणार, जड थरात बुडालेलं, म्हणून ओढ कमी पडते. प्रॅट यांनी नंतर वेगळं म्हटलं, की खालचा तळ सगळीकडे सारखाच, डोंगराचा खडकच हलका. हिमालयाच्या बाबतीत एअरी जास्त बरोबर ठरला, तिथे आणि तिबेटखाली कवच ७० किलोमीटरच्या घरात जातं. दीडशे मीटरची चूक सहज इकडेतिकडे वाटून टाकता आली असती, ती तशी सोडली नाही म्हणून कवच सगळीकडे सारखं जाड नाही ही कल्पना आली, मला तरी या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

पण ओळंबा जाडी थेट सांगत नाही. ती सांगितली भूकंपाने. ८ ऑक्टोबर १९०९ ला क्रोएशियात झाग्रेबजवळ धक्का बसला, तिथल्या आंद्रिया मोहोरोविचिच या शास्त्रज्ञाने भूकंप नोंदवणाऱ्या वेगवेगळ्या स्टेशनांच्या नोंदी मागवल्या आणि ठराविक अंतरानंतर एकाच प्रकारची लाट दोनदा पोचतेय हे त्याच्या लक्षात आलं. दादरला स्लो लोकल समोर उभी असताना पूल चढून पलीकडे फास्ट पकडली तर घाटकोपरला फायदा नसतो, कल्याणला मात्र फास्टवालाच आधी पोचतो, तसंच हे. एक लाट कवचातूनच सेकंदाला सहाएक किलोमीटरने येते, दुसरी खाली उतरून आठ किलोमीटरच्या वेगाच्या थरातून धावते आणि पुन्हा वर येते. कितव्या किलोमीटरपासून दुसरी पुढे जाते यावरून तो थर किती खोल हे निघतं. त्याने ५४ किलोमीटर काढले, आणि त्या सीमेला आज सगळे मोहो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रात स्फोट करून हेच केलं तेव्हा कळलं की महासागराखाली कवच जेमतेम ६-७ किलोमीटर.

आपल्याकडे ही पद्धत नीट वापरली गेली ती कोयनेनंतर. ११ डिसेंबर १९६७ चा तो भूकंप मुंबईलाही जाणवला होता. सत्तरच्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने कोकण किनाऱ्यापासून घाट ओलांडून देशावर दोन रेषा टाकल्या, गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी, बोअरमध्ये सुरुंग उडवायचे आणि रेषेवर यंत्रं लावून लाटा ऐकायच्या. पश्चिम महाराष्ट्रासाठी ३५-४० सांगतात त्यामागे हे काम आहे. यात डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे महाराष्ट्रभर पसरलेल्या जुन्या लाव्ह्याच्या थरांचा, गोंधळ करू नका, कोयनेजवळ काळा बेसॉल्ट किलोमीटरभर गेलं की संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, तो सगळा अजून कवचच.

आता सुरुंगही लागत नाहीत. दूरच्या मोठ्या भूकंपाची लाट मोहोवर आली की तिचा थोडा भाग हळू चालणाऱ्या लाटेत बदलतो, मूळ लाट आणि ही बदललेली लाट एकाच स्टेशनवर पोचण्यातलं अंतर ४-५ सेकंदांचं असेल तर जाडी ३५-४० किलोमीटरच्या आसपास. एका स्टेशनवर काम भागतं, फक्त खडकातला लाटेचा वेग चुकीचा धरला तर जाडीही चुकते.

मुंबईचं प्रकरण आणखी अवघड आहे. इथे गुरुत्वाकर्षण आजूबाजूपेक्षा चक्क जास्त भरतं. किनाऱ्याशी कवच पातळ होऊन जड थर वर आलाय म्हणूनही तसं होऊ शकतं, किंवा कवच बऱ्यापैकी जाड असून त्यातच लाव्ह्याच्या काळातला जड खडक घुसून बसलाय म्हणूनही, आणि नुसत्या गुरुत्वाच्या आकड्यांना या दोन्हीत फरक करता येत नाही, त्याला लाटांच्या नोंदी जोडूनच बघाव्या लागतात. म्हणून पुढच्या वेळी कुणी मुंबईखालच्या जाडीचा आकडा दिला तर तो लाटांवरून काढलाय की नुसत्या गुरुत्वावरून, एवढं आधी विचारा.