मोठ्या मायनस नंबरला लेसर का नको म्हणतात

मायनस १२-१४ नंबरचा तरुण चष्मा घालवायला लेसर करून घ्यायला जातो आणि डॉक्टर म्हणतात, ‘लेसर नको, डोळ्यात लेन्स बसवू.’ घरचे धास्तावतात. पण या सल्ल्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आहे, आणि त्याची किंमत अशाच डोळ्यांनी मोजली आहे.

१८८९ साली जर्मनीत कील येथे ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने काचेच्या कॉन्टॅक्ट लेन्सवर प्रबंध लिहिला. त्याचा स्वतःचा नंबर मायनस १४ च्या आसपास. डोळा कोकेनने बधिर करूनही लेन्स अर्ध्या तासापलीकडे सहन होईना. त्याच सुमारास विन्सेंझ फुकाला या डॉक्टरांनी मोठ्या नंबरवाल्यांचे स्वच्छ, निरोगी भिंगच काढून टाकायला सुरुवात केली. नंबर उतरे, पण पुढे अनेकांचा डोळ्यामागचा पडदा (रेटिना) सरकला आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. जपानमध्ये डॉ. त्सुतोमु सातो यांनी नंबर उतरवायला कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, आतून छेद दिले. आतल्या थरातल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ते कॉर्निया कित्येक वर्षांनी सुजून धुरकट झाले.

मग लेसर आला. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, एक्सायमर लेसर आजूबाजूला न भाजता ऊती कापतो. लहान नंबरला हे वरदान ठरले. मोठ्या नंबरला मात्र कॉर्नियाची जाडी आडवी येते. ६ मिमी रुंदीच्या भागात एक नंबर उतरवायला कॉर्नियाचा साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर जातो. म्हणजे मायनस १२ साठी १४४. कॉर्निया ५०० मायक्रॉनचा असेल आणि लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत वर उचलायची चकती ११० ची, तर खाली उरतात २४६. निदान २५० तरी उरावेत, नाहीतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा धोका असतो.

म्हणून नैसर्गिक भिंग जागेवर ठेवून पुढे दुसरी लेन्स बसवण्याची कल्पना १९८० च्या दशकात पुढे आली. मॉस्कोत नेत्रशल्यचिकित्सक फ्योदोरोव यांनी यावर काम केले. सुरुवातीच्या लेन्सनी काहींना मोतीबिंदू दिला. आजच्या आयसीएलच्या, म्हणजे डोळ्यात बसवायच्या अशा लेन्सच्या, मधोमध ०.३६ मिमीचे छिद्र असते, त्यातून डोळ्यातले पाणी वाहते राहते. गरज पडल्यास ही लेन्स काढताही येते, आणि मला हा तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. अर्थात डोळ्यात पुढे पुरेशी जागा हवी आणि कॉर्नियाच्या पेशी भरपूर हव्यात.

यांतल्या कोणत्याही उपायाने मोठ्या मायनस नंबरमागची डोळ्याची वाढलेली लांबी कमी होत नाही. ताणलेला पडदा तसाच राहतो, म्हणून चष्मा सुटला तरी दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. अचानक काळे ठिपके वाढले किंवा डोळ्यात वीज चमकल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.