चिपाडापासून इथेनॉलपर्यंत: वाट्याचा जुना प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, निपाणी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यात उसातलं काही वाया घालवायचं नाही, हे कुणी शिकवावं लागलं नाही. गुऱ्हाळावर रस काढून उरलेलं चिपाड वाळवून चुलवाणात जायचं, त्याच जाळावर काहील उकळायची, राख रानात परत यायची. वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, जनावरांना.

१९३९ साली उगार शुगरची स्थापना झाली, पुढे सहकारी कारखाने आले. चिपाडाचं बगॅस झालं. टनभर उसामागे ते पावणेतीनशे किलोच्या आसपास निघतं, मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, चाळीसेक किलो. बगॅसवर आधी कारखान्यापुरती वाफ आणि वीज झाली, नंतर वीज विकायलाही लागले. २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, आणि ते मळीपासून होत असल्याने मळीचं मोल बदललं. २०१८ च्या धोरणाने २० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं.

शेतकऱ्याचा दर मात्र साखरेच्या उताऱ्यालाच, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यालाच, बांधलेला राहिला. १९७४ पासून ऊस नियंत्रण आदेशात नफ्यातल्या वाट्याचं कलम ५-अ होतं. २००९ मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, आली आणि ते कलम गेलं. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर, बगॅस, मळी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्या एकत्रित उत्पन्नातला ७० टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला ७५ टक्के, शेतकऱ्याला सुचवला. कर्नाटकाने २०१३ मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगीजवळच्या गुर्लापूरला शेतकऱ्यांना टनाला ३,५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसावं लागलं. तडजोड ३,३०० वर झाली. उपपदार्थांचा हिशेब उघडा नसेल तर दर दरवर्षी रस्त्यावरच ठरणार, असं मला वाटतं.

आणि तोडकरी? बीड, विजापूरकडून येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल टनावारी मजुरीतून फिटते, मुलं पालात. ७०-७५ च्या सूत्रात त्यांचं नावच नाही. माझ्या मते हा उद्योग टिकाऊ आहे की नाही, हे आधी त्या पालात जाऊन पाहावं.

उपपदार्थांपैकी त्यांच्या हाती येतं ते वाढं. संध्याकाळी पेंढ्या बांधून गावातल्या म्हशीवाल्यांना विकायच्या, त्यावर तेल-मीठ भागवायचं. आता ऊस तोडणारा हार्वेस्टर फिरतो तिथे वाढ्याचा चुरा सरीत पडतो. जमिनीला तो चांगला. पण त्याची पेंढी बांधता येत नाही.