समन्वय सेवेमार्फत कामवाटप

अनेक सर्व्हरनी मिळून एखादे काम उरकायचे असेल, तर तीन गोष्टींवर त्यांचे एकमत लागते : सध्या कोणकोण चालू आहे, कोणाच्या वाट्याला काय आले आहे आणि वाटप करण्याचा अधिकार या क्षणी कोणाकडे आहे. हे एकमत सांभाळण्यासाठी वेगळी चालवलेली छोटी यंत्रणा म्हणजे समन्वय सेवा. अपाची झूकीपर, ईटीसीडी आणि कॉन्सुल ही तिची रूढ उदाहरणे. ‘समन्वय सेवा’ हा शब्द लिखाणातला. मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ऑफिसात कानावर पडते ते ‘झूकीपरवर लॉक घे’ किंवा ‘आत्ता लीडर कोण आहे ते बघ’. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, आणि लीडर म्हणजे वाटपाचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो सर्व्हर.

नावामुळे होणारा एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. ही सेवा कामे करत नाहीच, पण वाटतही नाही. महापालिकेच्या सफाई कामगारांची हजेरी चौकी डोळ्यांपुढे आणावी. सकाळी चौकीवर हजेरी लागते, आलेल्या माणसांत मुकादम बीट वाटून देतो, एखादा आला नसेल तर त्याचे बीट दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. या चित्रात समन्वय सेवा म्हणजे मुकादम नव्हे, ते मस्टर आहे. मुकादम हा कामगारांपैकीच एक सर्व्हर असतो आणि आजचा मुकादम कोण हेसुद्धा मस्टरमध्येच लिहिलेले असते. मुंबईत हा विषय निघाला की डबेवाल्यांचा दाखला हमखास दिला जातो, पण तो इथे बसत नाही. डब्याचा रस्ता डब्यावरच्या खुणेतच असतो. कोणाला ऐनवेळी कोणाशी सहमत व्हावे लागत नाही. समन्वयाविना काम कसे भागवावे याचा तो नमुना आहे.

गरज कुठून येते, हे एका काल्पनिक पतसंस्थेवरून पाहता येईल. दादरची पतसंस्था, दोन लाख कर्जदार, आणि हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाला आठवणीचा एसएमएस. सुरुवातीला एकाच सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय, लावलेला असतो. एके दिवशी तो सर्व्हर नेमका पावणेसातला बंद पडतो आणि एकही एसएमएस जात नाही. मग जोडीला दुसरा सर्व्हर येतो, त्याच्यावरही तोच क्रॉन. आता प्रत्येकाला दोन-दोन एसएमएस जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेतला फोन वाजत राहतो. मागणी साधी वाटते : पहिला बंद असेल तर दुसऱ्याने करावे, पहिला चालू असेल तर दुसऱ्याने हात लावू नये. अडचण अशी की पहिला बंद आहे की फक्त त्याच्याकडे जाणारी वाट बंद आहे, हे दुसऱ्याला बाहेरून कळण्याचा मार्गच नाही. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी हे गणिताने दाखवून दिले. निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला काही मर्यादाच नसेल आणि एक जरी घटक बंद पडू शकत असेल, तर उरलेले हमखास एकमतावर येतील अशी कोणतीही ठरावीक रीत असू शकत नाही. प्रत्यक्षातल्या सगळ्या व्यवस्था म्हणूनच कुठेतरी घड्याळाचा आधार घेतात : इतके सेकंद आवाज आला नाही, तर गेला असे समजा.

झूकीपरचा जन्म याहू कंपनीतला. त्यावरचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, २००६ मध्ये, गूगलने आपल्या चबी या लॉक सेवेची माहिती जाहीर केली होती. दोन्हींच्या मुळाशी असलेला सहमतीचा प्रश्न लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या पॅक्सॉस पद्धतीने सुटलेला होता. तो निबंध १९९० मध्ये लिहून झाला आणि छापून यायला १९९८ उजाडले. एका प्राचीन ग्रीक बेटावरच्या संसदेची गोष्ट सांगावी तशा थाटात तो लिहिलेला आहे, आणि वाचकांना तो अवघड गेला याचा थोडा दोष त्या थाटालाही द्यावा लागेल. २०१४ मध्ये ऑनगारो आणि ऑस्टरहाउट यांनी मांडलेली राफ्ट ही पद्धत मुद्दाम समजायला सोपी बनवलेली होती. ईटीसीडी आणि कॉन्सुल राफ्टवर चालतात. झूकीपरची स्वतःची झॅब नावाची पद्धत आहे.

झूकीपरच्या आत फोल्डरांसारखे एक झाड असते आणि त्याच्या प्रत्येक फांदीवर थोडा मजकूर ठेवता येतो. नेहमीच्या मांडणीत जास्तीत जास्त १ एमबी. दोन प्रकारच्या नोंदी कामवाटपाला उपयोगी पडतात. इफेमेरल नोंद ती करणाऱ्या सर्व्हरचे सेशन, म्हणजे सेवेशी चालू असलेला संपर्क, जिवंत असेपर्यंतच टिकते, मग आपोआप पुसली जाते. अनुक्रमी नोंदीला सेवा स्वतःहून चढता दहा आकडी क्रमांक देते. तिसरी सोय म्हणजे वॉच : ‘इथे काही बदलले तर मला सांग.’

आपल्या पतसंस्थेचे पाच सर्व्हर सुरू झाले की प्रत्येक जण ‘हजेरी’ या फांदीखाली अनुक्रमी आणि इफेमेरल अशी एक नोंद करतो. समजा त्यांना ०००००००००७ ते ००००००००११ हे क्रमांक मिळाले. सर्वांत लहान क्रमांकाचा, म्हणजे सातवा, लीडर. दोन लाख खात्यांचे आधीच ६४ भाग पाडलेले असतात. लीडर ‘वाटप’ या फांदीवर कोणाकडे कोणते भाग ते लिहितो, आणि बाकीचे ते वाचून कामाला लागतात. भागांची संख्या सर्व्हरच्या संख्येपेक्षा बरीच मोठी आणि कायमची ठरलेली ठेवणे हा यातला शहाणपणा. खाते क्रमांकाला थेट सर्व्हरच्या संख्येने भागून बाकीवरून वाटप केले, तर एक सर्व्हर कमी होताच जवळजवळ सगळ्यांचीच बाकी बदलते आणि चालू कामाची खिचडी होते. ६४ भाग असले की गेलेल्याचे बारा-तेरा भाग तेवढे इतरांत वाटावे लागतात.

सातवा गेला तर? सगळ्यांनी सातव्यावरच वॉच लावलेला असेल, तर त्याची नोंद पुसली जाताच चौघेही एकदम सेवेवर तुटून पडतात. चौघांचे ठीक, पण चारशे असतील तर विरार लोकल फलाटाला लागल्यासारखी गर्दी. म्हणून लीडरपदासाठी प्रत्येकाने फक्त आपल्या लगेच पुढच्यावर नजर ठेवायची : आठव्याने सातव्यावर, नवव्याने आठव्यावर. सातवा गेला की निरोप एकट्या आठव्याला जातो; तो यादी वाचतो, आपणच सर्वांत लहान आहोत हे पाहतो आणि लीडर होतो. झूकीपरचा नेहमीचा वॉच एकदाच वाजतो, तो पुन्हा लावावा लागतो, आणि मधल्या वेळात काय बदलले ते कळत नाही. म्हणून वॉच वाजला की पूर्ण यादी नव्याने वाचायची. ‘काय बदलले असेल’ याचा अंदाज बांधून पुढे जाणारा कोड आज ना उद्या रात्री उठवतो.

खरी कसोटी काम देण्यात नाही, दिलेले काम परत घेण्यात आहे. झूकीपरच्या नमुना मांडणीत घड्याळाचा एक ठोका २ सेकंदांचा असतो, आणि सेशनची मुदत २ ते २० ठोके, म्हणजे ४ ते ४० सेकंद ठेवता येते. समजा ती १० सेकंद आहे. नवव्या सर्व्हरवरचा प्रोग्राम जावा या भाषेत लिहिलेला, मेमरी साफ करण्यासाठी तो १५ सेकंद जागच्या जागी थिजतो. सेवेच्या लेखी तो मेला. त्याची नोंद पुसली जाते आणि हजेरीची यादी पाहणारा लीडर त्याचे भाग अकराव्याला देतो. पंधराव्या सेकंदाला नववा जागा होतो. मधे काही घडले याचा त्याला पत्ताही नसतो, आणि तो कोडच्या पुढच्या ओळीवर जातो, जिथे लिहिलेले असते : एसएमएस पाठव. ‘अजून हे काम माझेच आहे ना’ असे त्याने आधी विचारायचे ठरवले तरी उपयोग नाही, कारण विचारणे आणि पाठवणे यांच्यामध्येही तो थिजू शकतो.

यावर उतारा म्हणजे चढता क्रमांक, ज्याला फेन्सिंग टोकन म्हणतात आणि चबीमध्ये सीक्वेन्सर. भाग सोपवताना त्याबरोबर एक क्रमांक दिला जातो, पुढच्या वेळी तोच भाग सोपवताना त्याहून मोठा. डेटाबेसने प्रत्येक लिखाणासोबतचा क्रमांक पाहायचा आणि मोठा क्रमांक एकदा दिसला की लहान क्रमांकाचे लिखाण नाकारायचे. राखण इथे दारावर होते, येणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडलेली नसते. रेडिस हा डेटाबेस वापरणाऱ्या रेडलॉक या लॉक पद्धतीवर मार्टिन क्लेपमन यांनी २०१६ मध्ये घेतलेला एक मुख्य आक्षेप हाच होता, की तिच्यातून असा चढता क्रमांक मिळत नाही. एसएमएस मात्र या उपायाबाहेर राहतो, कारण मोबाइल कंपनीचे गेटवे तुमचे क्रमांक तपासत बसत नाही. तिथे दोनच वाटा उरतात. पाठवण्याआधी ‘पाठवला’ अशी नोंद केली, तर मधे बंद पडल्यावर काहींना एकही एसएमएस जात नाही. पाठवल्यानंतर नोंद केली, तर काहींना दोन जातात. हप्त्याच्या आठवणीला दुसरी वाट चालेल, पैसे वळते करताना नाही. तिथे प्रत्येक व्यवहाराला आधीच एकमेव क्रमांक दिलेला हवा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर समोरच्याने तो ओळखायला हवा.

अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबेरनेटिस या व्यवस्थेने हाच प्रश्न वेळेच्या फरकाने हाताळला आहे. त्याच्या नियंत्रक प्रक्रियांत लीडरपद १५ सेकंदांच्या भाडेपट्ट्यावर मिळते. लीडरला १० सेकंदांत तो वाढवून घेता आला नाही तर त्याने स्वतःहून बाजूला व्हायचे. इतर जण मात्र पूर्ण १५ सेकंद थांबतात. मधली पाच सेकंदे ही दोन लीडर एकाच वेळी उभे राहू नयेत यासाठी सोडलेली जागा. घड्याळे सारख्याच गतीने चालतात एवढे यात गृहीत धरलेले आहे.

मस्टर ठेवणारी सेवा स्वतः बंद पडली तर सगळेच अडेल, म्हणून तीही एका सर्व्हरवर ठेवत नाहीत. तिच्या तीन किंवा पाच प्रती चालतात आणि निम्म्याहून अधिक प्रतींनी मान्य केलेली नोंदच पक्की धरली जाते. तीनपैकी एक आणि पाचपैकी दोन प्रती गेल्या तरी काम चालते. चार प्रती ठेवून काही हाती लागत नाही : बहुमताला तीन लागतात, म्हणजे सहन होतो तो एकच गेलेला. मुंबईकराला ही गणपूर्ती हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेतून ठाऊक असते. तिथे गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग आहेत तेवढ्यांत उरकली जाते. समन्वय सेवेला ही मुभा नाही. बहुमत नसेल तर ती नवीन काहीही लिहून घेत नाही, अर्धा तास होवो की अर्धा दिवस. हा हट्ट नसता, तर तुटलेल्या नेटवर्कच्या दोन बाजूंनी आपापला वेगळा मुकादम नेमला असता.

या प्रती कुठे ठेवायच्या हा प्रश्न मुंबईत काही वर्षे खरोखरच बोचरा होता. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने जून २०१६ मध्ये इथे आपले केंद्र सुरू केले तेव्हा त्यात एकमेकांपासून वेगळे असे दोनच विभाग होते. तीन प्रती दोन विभागांत कशाही मांडल्या तरी एकीकडे दोन येणार, आणि तोच विभाग गेला तर बहुमतही गेले. पाच केल्या तरी तीन आणि दोन. दोन विभागांत हे कोडे सुटतच नाही. तिसरी जागा हवी, आणि ती परगावी घेतली तर प्रत्येक नोंदीला तिथल्या फेरीचा वेळ लागू शकतो. २०१९ मध्ये तिसरा विभाग आला आणि एक-एक-एक ही मांडणी शक्य झाली. स्वतःची डेटा सेंटरे वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात अनेक डेटा सेंटरे जवळजवळ उभी आहेत. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती आणि लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. तीन इमारती म्हणजे तीन वेगळ्या जागा असे त्या दिवशी म्हणता आले नसते.

सेवेवर किती ओझे टाकावे, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. प्रत्येक नोंद बहुमताच्या डिस्कवर उतरल्याशिवाय पक्की होत नाही, त्यामुळे मंद डिस्क हे सेवेच्या प्रतींमधला स्वतःचा लीडर अचानक बदलण्याचे नेहमीचे कारण. ईटीसीडीत या लीडरचा ‘मी चालू आहे’ हा ठोका मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि निवडणुकीची मुदत १००० मिलिसेकंदांची असते; डिस्क सेकंदभर अडली की विनाकारण निवडणूक लागते. दोन लाख एसएमएसची रांग इथे ठेवणे ही चूक, ६४ ओळींचे वाटप ठेवणे बरोबर. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोब्लॉक्स हे खेळांचे संकेतस्थळ ७३ तास बंद होते, आणि त्याचे मूळ कॉन्सुलवर पडलेल्या भारात होते. गूगलमध्ये उलटीच तऱ्हा झाली. चबी इतकी क्वचित बंद पडे, की ती कधीतरी बंद पडू शकते हे लोक धरूनच चालेनात. शेवटी, ज्या तिमाहीत ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा फारच कमी बंद राहिली असेल, त्या तिमाहीत ती मुद्दाम थोडा वेळ बंद करण्याची पद्धत पाडावी लागली.

आपल्या पतसंस्थेला मात्र झूकीपर उभे करण्याचा सल्ला देणे अवघड आहे. तीन जादा सर्व्हर सांभाळायचे, तेही दोन लाख एसएमएससाठी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून ‘स्किप लॉक्ड’ची सोय आहे : प्रत्येक सर्व्हर यादीतल्या काही ओळींवर लॉक घेतो, आणि ज्यांवर दुसऱ्याचा लॉक आहे त्या ओलांडून पुढे जातो. डेटाबेस एकच असल्याने तो पडला तर सगळे थांबते हे खरे, पण खातीही त्यातच असल्याने तसेही थांबणारच होते.

मोठ्या व्यवस्थांचा कल अलीकडे वेगळे मस्टर न ठेवता ते घरातच ठेवण्याकडे आहे. संदेशवहनासाठी वापरली जाणारी काफ्का अनेक वर्षे झूकीपरवर अवलंबून होती. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत तो आधार पूर्ण काढून टाकण्यात आला आणि ते काम काफ्काचेच काही सर्व्हर राफ्टच्या धर्तीवर करू लागले. त्या सर्व्हरची संख्याही तीन किंवा पाचच ठेवली जाते.