शाळा सोडली की शाळा सुटली?

दरवर्षी जूनमध्ये पट जुळवायला बसलो की आमच्या सोलापूरच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये तेच वाक्य कानावर येतं. "त्या पोरानं शाळा सोडली, सर." मी विचारतो, कधी? मग सगळे एकमेकांकडं बघतात. कुणी म्हणतं दिवाळीनंतर, कुणी म्हणतं जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासनं दिसलाच नाही, कुणाला आठवतं की त्याचं येणं आदल्या वर्षीच पातळ झालं होतं. ज्याचा दिवस कुणालाच सांगता येत नाही, ते सोडणं कसं? ती शाळा सुटलेली असते. मराठीनं दोन वेगळी क्रियापदं हातात दिली आहेत आणि ती एकत्र कालवण्यात सगळ्यांत पुढं आम्ही मास्तर लोक. वीस-बावीस वर्षं हे ऐकून कान किटले म्हणून लिहितोय.

(पाचला घंटा होऊन सुटते ती शाळा वेगळी. हा विनोद माझ्यासमोर भरपूर वेळा झालाय.)

सोडणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. तिथं कुणीतरी ठरवलेलं असतं. वडील गेले, थोरला पोरगा टॉवेलच्या कारखान्यात लागला. घरच्यांनी पुण्याची वाट धरली. पोरीला स्थळ आलं आणि तिला शाळेतून काढलं. अशा वेळी ती स्वतः कधी 'सोडली' म्हणत नाही, 'काढलं' म्हणते, तेही कान देऊन ऐकावं. दिवस सांगता येतो, बहुतेकदा दाखलाही नेलेला असतो. उपायही माहितीतले: शिष्यवृत्ती, वसतिगृह, रात्रशाळा, मुलींना एसटीचा मोफत पास, आणि काहीच जमलं नाही तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी.

सुटण्याला यातलं काहीच लागू पडत नाही.

एक उदाहरण सांगतो. शहराच्या पूर्व भागातली आठवीतली मुलगी. घरी तेलुगू, शाळेत मराठी, दोन्हीत बडबडी. आई विड्या वळायची. रात्री बांधून ठेवलेल्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या, तिथं त्या तपासून खराब निघतील त्या बाजूला पडणार, मग पुढचं पान-तंबाखू घेऊन परत यायचं. रांग मोठी असली की उशीर. तोवर धाकटा भाऊ हिच्या कडेवर. आई आली की ही दप्तर घेऊन पळत सुटायची आणि सव्वाअकराला फाटकाशी पोचायची. आमचं फाटक अकरा दहाला बंद. शिस्त म्हणून. अख्ख्या शाळेला त्या शिस्तीचा अभिमान होता, मलाही होता.

म्हणजे पाच मिनिटांच्या उशिराची आम्ही दिवसभराची गैरहजेरी करून टाकत होतो. आठवड्यातनं एक-दोनदा. पहिला तास गणिताचा. दोन दिवस गेले की समीकरणाचा धागा तुटला, वही अर्धी राहिली. वही अर्धी म्हणून वर्गाबाहेर उभं राहणं आलं. बाहेर उभं राहायचं माहीत असलं की दुसऱ्या दिवशी आई वेळेत आली तरी पाय निघत नाही. घटक चाचणीत सहा मार्क. मग मैत्रिणी पुढच्या बाकावर, ही मागं. जानेवारीत मी घरी गेलो तेव्हा आई सुपात पानं घेऊन बसली होती, शेजारी हीपण. हातात कात्री, पानं कापण्याचा वेग आईइतकाच.

आई म्हणाली, "तिलाच नको झालंय, सर. मी तर जा म्हणते."

इथंच सगळे फसतात. तेव्हा मीही फसलो. 'तिलाच नको' हे मी कारण म्हणून लिहून घेतलं आणि परत आलो. सरकारी पाहण्यांतही मुलं शाळेत का नाहीत याच्या कारणांत 'शिक्षणात रस नाही' हे उत्तर असतं आणि ते वरच्या नंबरात येतं. पण रस जातो तो शेवटी. आधी तास जातो, मग धडा, मग वही, मग तोंड दाखवायची हिंमत, आणि हे सगळं जाऊन झाल्यावर पोरगी जे म्हणते ते 'नको'. साखळीची शेवटची कडी धरायची आणि तिलाच पहिली समजायचं, असा हा प्रकार. ऑगस्टमध्ये कुणी तिला विचारलं असतं, तर तिनं 'नको' म्हटलं नसतं. तिनं म्हटलं असतं, "सर, फाटक."

ओळखायची खूण सोपी आहे. का सोडली, असं विचारूच नका. त्या प्रश्नाला घरचे तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. कधीपासनं येत नाही ते विचारा. "वडील दवाखान्यात होते तेव्हापासनं" असं पक्कं उत्तर आलं तर सोडली. "असंच... मधनंमधनं जात होती की" असं आलं तर सुटली.

आता ही सुटणारी पोरं कागदावर का दिसत नाहीत ते बघा. आपल्याकडं शाळाबाह्य ठरायला मूल कधीच दाखल झालेलं नसावं लागतं, नाहीतर महिनाभर सलग गैरहजर असावं लागतं. सलग! महिन्यात दोन दिवस तोंड दाखवून जाणारा पोरगा या व्याख्येत बसतच नाही. त्यात संचमान्यता. पटावर किती नावं यावर शिक्षकांची किती पदं मंजूर, त्यामुळं नाव काढायला कुणाचा हात धजत नाही. 2011 साली राज्यभर पटपडताळणी झाली ती खोट्या नावांसाठी, आणि ती गरजेची होती. पण खरं नाव आणि रिकामा बाक, याची पडताळणी अजून कुणी केलेली नाही. यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या आमच्याच एका विद्यार्थ्याला मी एकदा अशोक चौकात हटकलं, काय बे, शाळा सोडलीस? तो अगदी निरागसपणे म्हणाला, "सोडली नाही की सर, नाव हाय की अजून."

ऊसतोडीचंही असंच. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, हंगामात बीडकडनं टोळ्या येतात आणि आपल्याकडच्याही काही गावांतनं घरं बाहेर पडतात. दिवाळीच्या आगेमागे गेलेलं पोर परत येतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. लोक याला 'स्थलांतर' म्हणून तिसऱ्याच कप्प्यात टाकतात. माझ्या मते हे सुटणंच, फक्त वर्षाला एकदा, ठोक. मूल शिक्षण हमी कार्ड घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं, पण तिथल्या गुरुजींनी त्याला कोणत्या धड्यापासनं धरायचं हे कार्डावर लिहिलेलं नसतं. परत आलं की वर्ग पुढं गेलेला. दोन-तीन हंगाम असे गेले की सातवीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही.

आणि मग येते नववी. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, पण तो 6 ते 14 वयापुरता. दुपारची खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. नेमकं त्याच वयात शिलाईच्या कारखान्यात नाहीतर मागावर पोराच्या हाताला किंमत येते. मागवाल्याच्या भाषेत सांगायचं तर ताण्याचे चार-पाच धागे एकाच जागी तुटतात आणि आपण विचारतो, कापडाला भोक कसं पडलं? वर काही शाळा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच अडवतात आणि घरच्यांना सुचवतात, दाखला घेऊन जा. रजिस्टरात शेरा पडतो, 'पालकांच्या विनंतीवरून'. ही ना सोडलेली, ना सुटलेली. ही शाळेनं सोडवून घेतलेली. त्या निकालाचा फ्लेक्स चौकात दिसला की मी दुसऱ्या रस्त्यानं जातो.

या घोळाचा तोटा असा की औषध चुकतं. सुटणाऱ्या पोराच्या घरी आम्ही शिक्षणाचं महत्त्व सांगायला जातो. प्रभातफेरी काढतो, पालकांचं प्रबोधन करतो. (प्रबोधन हा शब्द माझ्या हातात असता तर मी दहा वर्षं कुलपात ठेवला असता.) विड्या वळून पोरीला आठवीपर्यंत आणणाऱ्या बाईला शिक्षणाचं महत्त्व मी काय सांगणार? तिला लागतं ते दुसरंच: तिसऱ्या गैरहजेरीला कुणीतरी दारात येणं, तिसाव्या नव्हे. बुडालेला धडा परत घेणारा कुणीतरी. आणि मध्ये दोन वर्षं गेली असली तरी वयाप्रमाणे वर्गात परत घेणारी शाळा. 14 वर्षांपर्यंत हे कायद्यातच आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. तरी खिडकीवरचा क्लार्क म्हणतोच, "दाखला आणा, मग बघू." त्या वाक्यावर परत गेलेलं पोर सहसा पुन्हा येत नाही.

आमचं फाटक आता बंद होत नाही. उशिरा येणाऱ्यांची एक वेगळी वही ठेवली आहे, त्यात फक्त नाव आणि वेळ. कारण विचारत नाही. दर शनिवारी ती चाळतो. एकच नाव तीनदा दिसलं की संध्याकाळी सायकल काढतो. त्या आठवीतल्या मुलीला मात्र याचा उपयोग झाला नाही, वही सुरू होईपर्यंत तिचं लग्न ठरलं होतं. रजिस्टरात तिच्या नावापुढं आमच्या शाळेनं लिहिलंय: 'शाळा सोडली.'