गिझरचा काटा ७५ वर ठेवला की पाणी लवकर तापतं?

नाही. २००० वॅटची कॉइल काटा कुठेही असला तरी तेवढीच उष्णता देते. काटा फक्त कुठे थांबायचं ते ठरवतो. १५ लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर जायला साधारण साडेदहा मिनिटं लागतात, ६० वर जायला अठरा.

सोलापुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी तर काटा ५५-६० च्या वर नेऊच नये. जड पाण्यातला चुना जास्त तापमानाला कॉइलवर झपाट्याने बसतो आणि शेवटी कॉइल जळते.

मिक्सरचा गरम नळ आधी उघडून भाजून घेऊ नका. आधी थंड, मग हळूहळू गरम. शॉवरची धार बारीक झाली असेल तर जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये भिजवा.